वीज गेल्यावर न उघडणारं दार

चारुदत्त पांढरीपांडेने भावसिंगला पाहिलं त्याच्या बराच वेळ आधी भावसिंगच्या मिशा पाहिल्या. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या, कापसातली सरकी काढणाऱ्या त्या जिनिंगच्या फाटकाशी त्याने स्कूटर थांबवली, तर चौकीतून आधी मिशीचं डावं टोक बाहेर आलं, मग उजवं, आणि मग काहीच नाही. चारुदत्तला वाटलं, आज मिशाच तेवढ्या ड्यूटीवर असतील. मग मागून भावसिंग उगवला, आणि उगवला तो उगवतच राहिला. तो चौकीतून बाहेर आला की चौकी अंगात घालूनच उभा राहिला, हे चारुदत्तला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. खांद्यावर कुऱ्हाड होती, ती त्या देहावर नेलकटरसारखी दिसत होती. "कोन?" एवढंच भावसिंग म्हणाला. त्यावर शेजारच्या कारखान्यातले दोन कामगार "आम्ही" म्हणत बाहेर आले, बाभळीवरचे बगळे उठून थेट दारव्ह्याकडे निघून गेले आणि चारुदत्तची स्कूटर आपली आपण बंद पडली.

चारुदत्तने घरापासून एक वाक्य घोकत आणलं होतं. कार्डावर उघडणारं दार बसवण्यासाठी मला नंदकिशोरशेठजींनी बोलावलं आहे, असं ते वाक्य. भावसिंगसमोर त्यातला एकच शब्द शिल्लक उरला.

"दार," चारुदत्त म्हणाला.

भावसिंगने फाटकाकडे पाहिलं. मग चारुदत्तकडे पाहिलं.

"उघडंच हाये," तो म्हणाला.

ओळख झाली ती अशी.

चारुदत्त हा माणूस भित्रा होता असं म्हणणं म्हणजे त्याच्या कष्टांवर पाणी ओतणं आहे. पुष्कळ लोक भित्रे असतात, पण ते वेळ आली म्हणजे भितात. चारुदत्त वेळ यायच्या आधीपासून तयारीने, शिस्तीने भीत असे. त्याचे वडील जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. त्यांच्याकडून त्याला वारशाने सुरेख अक्षर मिळालं, एक लोखंडी कपाट मिळालं, आणि टेबलामागे बसलेला कोणताही माणूस आपलं वाटोळं करू शकतो ही पक्की समजूत मिळाली. पालीला तो भीत असे, पोस्टमनला भीत असे, बँकेतल्या टोकनाला भीत असे. सगळ्यात जास्त भीत असे विजेला, आणि पोट भरत असे विजेवरच. वायरीला हात लावण्याआधी तो मेन स्विच बंद करी, फ्यूज काढी, फ्यूज स्वतःच्या खिशात घाली, टेस्टर लावून बघी, आणि मग टेस्टर खरा बोलतो आहे ना हे पाहायला दुसरा टेस्टर लावी. पण त्याने जोडलेली वायर कधी सैल झाली नाही. दिवसभर निर्धास्तपणे काम करणारे कारागीर यवतमाळात पुष्कळ होते. त्यांच्या मागून दुरुस्तीला जायचं काम चारुदत्तकडे येई.

आधी त्याची बसस्टँडजवळ टायपिंगची संस्था होती. टायपिंग गेलं, संगणक आले. मग संगणक घरोघरी झाले आणि संस्थेत फक्त खुर्च्या राहिल्या. तेव्हा तो नागपूरला जाऊन कार्डाच्या दारांचं दोन दिवसांचं शिक्षण घेऊन आला. एक दार त्याने एका कॉलेजच्या संगणकखोलीला बसवलं, एक डॉक्टरांच्या औषधखोलीला, आणि एवढ्या भांडवलावर तो या विषयातला जिल्ह्याचा एकमेव जाणकार झाला. त्याची बायको अनघा म्हणाली, "अहो, झोपताना तुम्ही तीनदा उठून कडी बघता. हा धंदा तुमच्यासाठीच निघालाय."

ती २००७ सालची गोष्ट. कापसाची वाईट वर्षं होती. पाहणीची पथकं, कॅमेरे आणि मोठमोठ्या गाड्या यवतमाळात रोज उतरत, आणि जिनिंगवाले घायकुतीला येऊन एकमेकांवर डोळे ठेवून होते. नंदकिशोरशेठच्या जिनिंगमध्ये रुईचे नमुने ठेवायची एक खोली होती. प्रत्येक लॉटमधली मूठभर रुई तिथे पुडीत यायची, तिच्या धाग्याची लांबी नि ताकद मशीनवर मोजली जायची आणि त्या आकड्यावर माल विकला जायचा. त्या पुड्या कोणीतरी बदलत होतं. दोनदा बाहेरच्या व्यापाऱ्यांनी माल आणि आकडा जुळत नाही म्हणून बोंब मारली होती. खोलीला पाच किल्ल्या होत्या आणि पाचही किल्ल्या कोणाकडे आहेत हे कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून शेठने ठरवलं की किल्ली नकोच. कार्ड दाखवा, आत जा, आणि कोण कधी गेलं ते संगणकात उमटू द्या.

शेठच्या टेबलासमोर चारुदत्त खुर्चीच्या कडेवर बसला. शेठने पहिलाच प्रश्न नेमका विचारला. बत्ती गेली तर काय होते?

चारुदत्तने सांगितलं की बत्ती गेली की दार उघडतं. शेठने हिशेब केला. यवतमाळात बारा-बारा तास भारनियमन, म्हणजे बारा-बारा तास खोली उघडी. बॅटरी लावली तर, असं चारुदत्त म्हणाला, पण बॅटरी चार तासांत बसते हेही त्यालाच सांगावं लागलं. मग बत्ती गेली तरी बंदच राहणारं कुलूप येते की नाही, शेठने विचारलं. येतं, चारुदत्त म्हणाला. मग तेच लावा, शेठ म्हणाला, आणि किल्लीचं भोक वेल्डिंगने बुजवून टाका.

इथे चारुदत्तला एक वाक्य बोलायचं होतं. नागपूरच्या शिक्षकाने ते वाक्य दोनदा सांगितलं होतं आणि चारुदत्तने वहीत लाल शाईने लिहून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या: ज्या खोलीत माणूस बसतो, तिला वीज गेल्यावर उघडणारंच कुलूप लावायचं. कारण आग लागली की आधी वीज जाते. वाक्य पोटातून निघालं, छातीपर्यंत आलं, घशाशी आलं.

"पण शेठजी," चारुदत्त म्हणाला.

शेठने मान वर केली. "पण काय?"

"पण रंग राखाडीच मिळेल," चारुदत्त म्हणाला.

राखाडी चालेल, असं शेठने सांगितलं.

काम मात्र त्याने देखणं केलं. लोखंडी दार, वरच्या चौकटीतून अंगठ्याएवढी सळई खाली येऊन दारात शिरायची. बाहेर कार्ड दाखवायची डबी, आत बाहेर पडायचं हिरवं बटण. बाहेरच जवळच्या भिंतीवर एक पेटी, तिच्यात यंत्राचा मेंदू आणि बॅटरी. बटण दाबलं किंवा कार्ड दाखवलं की पेटीतून वीज जायची आणि सळई वर उचलली जायची. हे कुलूप उघडण्यापुरतीच वीज खायचं, म्हणून भारनियमनात बॅटरीवर भागायचं; पण बॅटरीही नसेल तर सळई जिथल्या तिथे.

मग कार्डांची नोंदणी. आधी मुख्य कार्ड डबीला दाखवायचं, डबी एकदा बोलली की नवं कार्ड दाखवायचं, डबी दोनदा बोलली की ते कार्ड तिच्या ओळखीचं झालं. अशी चौदा कार्डं. भावसिंग आपलं कार्ड डबीजवळ न्यायला तयार होईना. दोन बोटांत लांब धरून, मान मागे करून त्याने ते दाखवलं, आणि डबी बोलल्याबरोबर एवढा मोठा माणूस एक पाऊल मागे सरकला. चारुदत्तला त्या क्षणी त्याच्याविषयी पहिल्यांदा माया वाटली.

झाडलोट करणाऱ्या शकुबाईसाठी तर यंत्राची मांडणीच बदलावी लागली. दार पाच सेकंद उघडं राही आणि मग बंद झालं नाही तर पेटी किंचाळत असे. शकुबाई बादली, झाडू, पोछा आणि गुडघेदुखी अशा चार गोष्टी घेऊन आत जायची. चारुदत्तने घड्याळ लावून तिला तीनदा चालायला लावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काहून रे बाबू, माह्यं लगन जमवून राह्यला काय?" अकरा सेकंद भरले. त्याने बारा केले.

आत बसणारी होती निकिता राऊत. नेरच्या शेतकऱ्याची मुलगी, बीएस्सी झालेली, बावीस वर्षांची. सकाळी कार्ड गळ्यात घालून ती खोलीत शिरायची ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीनवर धागे मोजत बसायची. खोलीला खिडकी नव्हती, कारण नमुन्यांना एकसारखी हवा लागते. चारुदत्तने शेवटचा स्क्रू पिळला, दार लागलं, आणि काचेच्या छोट्या झरोक्यातून त्याला निकिताची वेणी दिसली. तिथून पुढे त्याला झोप नाही.

जिनिंग आणि आग यांचं नातं तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. कापसाबरोबर एखादा खडा जिनमध्ये जातो, ठिणगी पडते, आणि रुई वरून पांढरी दिसत असताना आतून पेटत जाते. चारुदत्त घरी जेवत असला आणि रस्त्याने अग्निशामक दलाची घंटा वाजत गेली की त्याचा घास तिथेच राहायचा. तो स्कूटर काढायचा आणि सुटायचा लोहाऱ्याला. घंटा बहुधा भलतीकडेच गेलेली असायची. भावसिंग विचारायचा, पांडेजी, काय झालं? चारुदत्त म्हणायचा, काही नाही, सेटिंग पाहायला आलो. अशा त्याच्या पावसाळ्यात अकरा फेऱ्या झाल्या. विक्रीनंतर इतकी सेवा देणारा कारागीर आपण पाहिला नाही असं शेठ चारचौघांत सांगू लागले, आणि ते ऐकून चारुदत्तला आणखीच कापरं भरे.

अनघाला त्याने एकदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग शेठला सांगा. तो म्हणाला, सांगतो. ती म्हणाली, कधी? तो कडी बघायला उठला.

भावसिंगशी मात्र त्याचं जमलं. चौकीत चहा होई. भावसिंगचं एकच गाऱ्हाणं होतं. "पयले आत जानारा मले सांगून जाये," तो म्हणायचा. "आता त्या डबीले सांगून जाते. मी कायचा चौकीदार?" चारुदत्त मान हलवायचा. वीज जाता-येता पेटी कधी उगाच किंचाळायची आणि भावसिंगचा फोन घरी यायचा. फोनच्या घंटीने चारुदत्तचा जीव अर्धा व्हायचा, म्हणून त्याने भावसिंगला पेटीची किल्ली दिली आणि शिकवून ठेवलं: फारच ओरडली तर पेटीचं मेन बंद कर आणि बॅटरीची ही लाल वायर काढ, म्हणजे शांत होते. हे शिकवताना आपण काय करतो आहोत ते त्याच्या लक्षात आलं नाही. भीती एका बाजूला बघत असली की दुसऱ्या बाजूला तिचं लक्ष नसतं.

दसऱ्याला जिनिंगचा मुहूर्त होता आणि आदल्या दिवशी खंडेनवमी. शेठच्या आई, ज्यांना सगळे माँजी म्हणत, त्या दिवशी स्वतः जिनिंगवर येत. अवजारं मांडून पूजा व्हायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणत्याही अवजाराला हात लावायचा नाही, कोणतंही यंत्र चालवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. शेठ गावात कोणाला भीत नसत, ती सगळी भीती त्यांनी माँजींसाठी राखून ठेवली होती.

चारुदत्तलाही कारागीर म्हणून बोलावणं होतं. अंगणात सतरंजीवर पाने, पट्टे, तराजू, भावसिंगची कुऱ्हाड, संगणकाचा कीबोर्ड. माँजींनी चारुदत्तच्या पिशवीतले स्क्रूड्रायव्हर आणि दोन्ही टेस्टर काढून घेतले आणि त्यांनाही हळदकुंकू लावलं. नवीन यंत्र म्हणून चौदा कार्डं पितळी ताटात पंख्यासारखी मांडली होती. ती गोळा करत शकुबाई सगळीकडे फिरली होती. निकिताने दार उघडून आपलं कार्ड तिला दिलं आणि सांगितलं की उद्याच्या व्यापाऱ्यासाठी चार नमुने राहिलेत, दहा मिनिटांत येते. बाहेर यायला तिला कार्डाची गरजच नव्हती. हिरवं बटण होतं.

माँजी धगधगत्या निखाऱ्यांचं धुपाटणं घेऊन यंत्रांभोवती फिरून आल्या. आरती झाली. प्रसाद वाटताना भावसिंग चारुदत्तजवळ येऊन प्रेमाने म्हणाला, "तुमच्या डबीलेबी आराम देल्ला, पांडेजी."

चारुदत्तला कळेना. भावसिंगने समजावलं. बाराही जिन बंद केले, काटा बंद केला, मग तुमची पेटीच एकटी काहून कामावर ठेवायची? तिचं मेन बंद केलं, लाल वायर काढली. मग तिला पंचामृताचा हात फिरवून, फूल वाहून, पेटी लावून किल्ली ताटात ठेवली.

चारुदत्तच्या हातातला शिरा हातातच राहिला. "आत कोणी आहे?" त्याने विचारलं.

"कोन राहीन? मले तं कोनी सांगतलं नाही."

"निकिताबाई हाये ना आत," शकुबाई म्हणाली. "मीच तं तिचं कार्ड आनलं."

त्याच वेळी धूर दिसला. नमुन्याच्या खोलीमागे गेल्या हंगामातल्या रुईच्या कचऱ्याचा ढीग होता आणि माँजींच्या धुपाटण्यातून एक निखारा तिथे कुठेतरी उडाला असावा. ज्वाळा नव्हती. रुई पेटते तशी ती गुपचूप पेटत होती, आणि मळकट पिवळा धूर हवेच्या यंत्राच्या भोकातून खोलीत ओढल्यासारखा शिरत होता. माणसं वाळूच्या बादल्यांकडे धावली. आणि दारावर आतून थापा पडायला लागल्या.

ज्या आवाजाला चारुदत्त पाच महिने भीत होता तो हाच. त्याने तो इतक्या वेळा ऐकला होता की क्षणभर त्याला वाटलं आपण जेवायलाच बसलो आहोत. मग पाय हलले. ताटातली किल्ली त्याने उचलली, पेटी उघडली, लाल वायर जोडली. दिवा लागला नाही. पुन्हा जोडली. यंत्राच्या मेंदूवरून दूध आणि मध ओघळत होतं. मेंदू गेला होता. भावसिंगने दाराला हिसका दिला, एकदा, दोनदा. दार चारुदत्तने बसवलं होतं. ते हललं नाही.

"काका," आतून आवाज आला, "बटण चालत नाही." मग खोकला, आणि थापा सावकाश पडायला लागल्या.

आता एकच उपाय होता. मेंदू बाजूला ठेवून बॅटरीची वीज थेट कुलपाच्या तारांना द्यायची. त्यासाठी तारा स्क्रूखालून सोडवायच्या, आणि स्क्रूड्रायव्हर सतरंजीवर झेंडूच्या फुलांखाली होता. माँजी शेजारीच बसल्या होत्या. भावसिंग तिथवर आला आणि थांबला. त्याची कुऱ्हाडही तिथेच होती. "याडी कोपन," तो पुटपुटला. देवीला तो याडीच म्हणायचा, आई. त्या धिप्पाड माणसाचे ओठ पांढरे पडले होते.

"उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही," माँजी म्हणाल्या.

चारुदत्त देवीला भीत होता, माँजींना भीत होता, शेठ वाळूची बादली घेऊन मागे उभे होते त्यांना भीत होता. पण या सगळ्या भीती एका बाजूला झाल्या आणि त्या सावकाश होत चाललेल्या थापा दुसऱ्या बाजूला. त्याने फुलं सारली, स्क्रूड्रायव्हर उचलला. कोणाकडे पाहिलं नाही. दोन तारा सोडवल्या, दातांनी सोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्याने टेस्टर न लावता तार उघड्या बोटांत धरली आणि बॅटरीला टेकवली. ठिणगी उडाली. तो ओरडला. बारा व्होल्टने मुंगीही मरत नाही हे त्याला पाठ होतं, तरी ओरडला. पण बोटं सोडली नाहीत. चौकटीत खट्ट झालं आणि भावसिंगने दार असं खेचलं की त्याची एक बिजागरी हातात आली.

निकिता चौकटीतच बसली होती, ओढणी तोंडाला लावून. शकुबाईने तिला बाहेर ओढलं, पाणी पाजलं. बराच वेळ ती फक्त खोकत राहिली. मग तिने विचारलं, "काका, वीज गेली तर हे दार उघडत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," चारुदत्त म्हणाला.

तिने पाण्याचा पेला शकुबाईला परत दिला आणि दुसरीकडे पाहिलं. त्यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं, असं चारुदत्तला वाटलं.

तो तसाच शेठकडे गेला. वाक्य या वेळी पूर्ण बाहेर आलं. "शेठजी, ते कुलूप चुकीचं आहे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दुसरं लावतो, नाहीतर दार काढून नेतो."

"मग तेव्हा काहून नाही बोलले?"

"भीती वाटली."

"कोणाची?"

"तुमची."

शेठने वाळूची बादली खाली ठेवली. त्यांनी माँजींकडे पाहिलं, चारुदत्तकडे पाहिलं, आणि म्हणाले की दुसरं लावा.

पुढच्या आठवड्यात चारुदत्तने वीज गेल्यावर उघडणारं कुलूप लावलं, आणि बॅटरी जोडलीच नाही. वीज बारा तास जायची, त्यामुळे दार बारा तास सताड उघडं असायचं, आणि तेवढा वेळ भावसिंग तिथे खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारत बसायचा. पुड्या कोण बदलत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. निकिताने दिवाळीनंतर नोकरी सोडली. तीन वर्षांनी जिनिंग विकली गेली. तिथे आता सिमेंटचं गोदाम आहे आणि त्या खोलीला दार नाही.